वाटसरूचा रुपया

आषाढ जवळ आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातले रस्ते माणसांनी फुलून जातात. माउलींची पालखी आळंदीहून निघते. ती धर्मपुरीपाशी आपल्या जिल्ह्यात शिरते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम करीत ती वाखरीला पोचते. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेने येते. मग सारे मिळून पंढरी गाठतात.

लाखो माणसे पायी येतात. पायी चालायला ना डिझेल लागते, ना धूर होतो. प्रत्येकाच्या कनवटीला थोडेफार पैसे असतात. हे पैसे कुठे जातात? कुणाच्या घरची चूल त्यावर पेटते? आज आपण याचाच विचार करू.

माळेची गोष्ट

पंढरपुरात तुळशीच्या माळा करणारी घरे आहेत. काशीकापडी समाजातली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. तुळशीचे वाळलेले लाकूड कापायचे. त्याचे मणी करायचे. मण्याला भोक पाडायचे आणि ते दोऱ्यात ओवायचे. घरातल्या बायामाणसांचे, म्हाताऱ्यांचे, सगळ्यांचे हात या कामाला लागतात.

समजा, तुम्ही अशा घरची माळ शंभर रुपयांना घेतली. माळ करणाऱ्या बाईने त्या पैशातून मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याकडून ज्वारी घेतली. शेतकऱ्याने तेच पैसे खुरपणीची मजुरी म्हणून एका बाईला दिले. त्या बाईने गावच्या दुकानातून मुलाला वह्या घेतल्या. बघा, नोट एकच, पण चार घरांना उपयोगी पडली!

आता दुसरी माळ पाहा. दिसायला तशीच, आणि स्वस्तही. पण मणी दुसऱ्याच लाकडाचे, नाहीतर प्लास्टिकचे. दूरच्या कारखान्यातून ते पोती भरून आलेले. विकणाऱ्याला चार पैसे सुटतात, नाही असे नाही. पण बाकीचा पैसा आला तसा गावाबाहेर निघून जातो.

सोलापुरी चादरीचेही तेच. हे नाव सरकारदरबारी नोंदलेले आहे. तरीही दुसरीकडे विणलेल्या चादरी त्याच नावाने खपवल्या जातात. मग इथल्या मागावर बसणाऱ्याने काय करावे? म्हणून घेताना विचारावे, "ही कुठं विणली?" विचारायला पैसे पडत नाहीत.

वारी थांबली तेव्हा

२०२० साली करोनाची साथ आली. त्या वर्षी आणि २०२१ सालीही नेहमीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला आल्या. बरोबर मोजकीच माणसे होती. साथ पसरू नये म्हणून ते करणे भागच होते.

पण माळ, बुक्का, कुंकू, चुरमुरे, बत्तासे विकून जगणाऱ्यांचे काय? "वारी आली की आमचं वरीस निघतं," असे ही मंडळी म्हणतात. वारीच आली नाही, तर वर्ष कसे निघणार? २०२२ साली दिंड्या पुन्हा चालू लागल्या.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, यात्रेकरू हा गावाचा अन्नदाताही आहे. दुसरी, सगळा भार एकाच यात्रेवर टाकू नये. शेती, जनावरे किंवा दुसरा एखादा जोडधंदा हाताशी असावा.

नदी सगळ्यांची

भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वारकरी तिच्यात स्नान करतात. पण स्नान करून जुने कपडे, पत्रावळी, पिशव्या तिच्यातच टाकल्या तर? नदी काही तिथे थांबत नाही. तीच पुढे खालच्या गावांना जाते. सोलापूर शहरासाठीही टाकळीजवळ हिच्यातूनच पाणी उचलतात. म्हणजे आपण टाकलेली घाण आपल्याच भावंडांच्या घागरीत जाते. नदी नासली, रोगराई आली, तर यात्रेकरू येईल का? आणि तो आला नाही, तर माळ कोण घेईल?

आपण काय करावे?

आपण कधी वाटसरू असतो, कधी यजमान. दोन्ही वेळी धर्म पाळावा.

वाटसरू असाल, तर कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या. एस.टी.ने, रेल्वेने किंवा पायी जा. जिथे जाल तिथल्या माणसाच्या हातची वस्तू घ्या. शौचाला शौचालयातच जा.

यजमान असाल, तर प्यायला स्वच्छ पाणी ठेवा. माप पुरे द्या, भाव वाजवी घ्या. वीस रुपयांची भाकरी-भाजी चाळीसला विकली, तर आज नफा होईल. पण पुढच्या वर्षी तो वारकरी शिदोरी बांधूनच येईल.

आम्ही एवढेच सांगतो : गावाला आलेला पाहुणा समाधानाने गेला पाहिजे, आणि त्याचा रुपया गावात राहिला पाहिजे.

सांगा पाहू

१. शंभर रुपयांची नोट कोणकोणत्या घरी गेली?
२. चंद्रभागेतली घाण कुणाला बाधते?
३. तुमच्या गावच्या जत्रेत कोणत्या वस्तू गावातच तयार झालेल्या असतात? त्यांची नावे लिहा.