कान्हेरी चढताना पाठीवर काय असावे?

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी गटागटाने कान्हेरीला जाऊ लागले आहेत, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. निघण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणीतरी हमखास दूरध्वनी करतो : "जयभीम सर, कॅमेरा कोणता आणू?" इतिहासाच्या शिक्षकाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु छायाचित्र कशाचे घ्यायचे हे ठरल्यावाचून कॅमेरा ठरत नाही, आणि ते ठरविणे हा इतिहासाचाच विषय आहे.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची वाट आहे. बस मिळते, आपली मुले मात्र पायी जातात. त्यानंतर खडकात कोरलेल्या पायऱ्यांचा चढ आणि डोंगरभर पसरलेली शंभराहून अधिक लेणी. बहुतेक पर्यटक तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह पाहून, फार तर दरबार लेण्यापर्यंत जाऊन परततात. ज्यांत दात्यांची नावे व गावे कोरली आहेत असे कितीतरी शिलालेख मात्र वरच्या विहारांच्या ओसऱ्यांत आणि पाण्याच्या पोढींजवळ आहेत.

काही वर्षांपूर्वी एका सहलीत मी मित्राकडून मागून आणलेली मोठी बॅग घेऊन गेलो. जड कॅमेरा, तीन भिंगे, तिपाई. दीड किलोचे तर एक दूरभिंगच होते. दुपारपर्यंत गुडघ्यांनी नकार दिला आणि मी झाडाखाली बसलो. दहावीची चार मुले एक साधा मोबाईल घेऊन वर गेली. संध्याकाळी पाहतो तर माझ्या छायाचित्रांत फ्लॅशमुळे भिंत सपाट, पांढुरकी, अक्षर एकही नाही. मुलांच्या छायाचित्रात मात्र ओळ वाचता येत होती. त्यांनी दुसऱ्या मोबाईलची बॅटरी भिंतीच्या कडेने धरली होती, एवढेच.

यामागचे कारण सोपे आहे. शिलालेखातील अक्षर म्हणजे दगडातील खाच. समोरून प्रकाश पडला की खाच भरून गेल्यासारखी दिसते. भिंतीला जवळजवळ समांतर, तिरपा प्रकाश पडला की खाचेत सावली साठते आणि अक्षर उठून येते. मात्र प्रकाशाच्या दिशेनेच जाणारी रेघ अशा वेळी लुप्त होते. धम्मलिपीत एका लहानशा रेघेने स्वर बदलतो; म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असा प्रकाश टाकून प्रत्येक लेखाची चार छायाचित्रे घ्यावीत. कॅमेरा भिंतीला समांतर धरावा, जवळ मोजपट्टी धरावी. ती भिंतीला चिकटवू नये.

तेव्हा माझे उत्तर असे. हाती चांगला मोबाईल असेल तर तो पुरेसा आहे. कॅमेराच न्यायचा तर हलका, सोबत मिळणाऱ्या अठरा-पंचावन्नच्या भिंगासह. लहान खोल्यांत अठराची रुंदी उपयोगी पडते. दूरभिंग संपूर्ण गटात एकच असावे, उंचावरील लेखांसाठी. तिपाईला पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते, म्हणून ती घरीच ठेवावी. चौतिसाव्या लेण्यात छताला रंगचित्रांचे अवशेष आहेत. तेथे फ्लॅश कटाक्षाने टाळावा. हातातली बॅटरी, जादा चार्जिंगची सोय, वही, पेन्सिल आणि माणशी दोन लिटर पाणी. पाण्याचेच वजन दोन किलो होते, हे बॅग भरण्याआधी मोजावे. पावसाळ्यात शेवाळाने पायऱ्या निसरड्या होतात. तेव्हा दोन्ही हात मोकळे असणे भिंगापेक्षा महत्त्वाचे.

एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख वाचले, ठसे घेतले; बर्जेस यांच्यासह त्यांचा ग्रंथ 1881 साली निघाला. ठशासाठी लागे ओला कागद, ब्रश आणि शाई. आज आपण लेखाला ओला कागद काय, बोटही लावू नये. कान्हेरीच्या लेखांचा सविस्तर ग्रंथ डॉ. शोभना गोखले यांनी 1991 साली दिला. नकला किती महत्त्वाच्या आणि किती नाशवंत, हे अजिंठ्याच्या उदाहरणावरून कळते. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे खपून तेथील चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बऱ्याचशा 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. म्हणून छायाचित्रे एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका.

आणखी एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक लेखाआधी लेण्याचा क्रमांक आणि लेखाची जागा लिहिलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. नाहीतर घरी आल्यावर दोनशे दगड हाती उरतात.

कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट दान दिल्याची नोंद आहे. राजा नव्हे, लोहार. आणि दान मूर्तीचे नव्हे, वाटेचे. नववीच्या वर्गात धम्मलिपी शिकवताना हा लेख मी फळ्यावर खडूने काढतो. कोणाला त्याचे स्पष्ट छायाचित्र मिळाले, तर एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात अवश्य द्यावी. सोमवारी उद्यान बंद असते, तेवढे पाहून निघावे.