गाईचा माग

प्रथम वर्षात असताना मराठीच्या तासाला मला एक लोककथा सांगण्यासाठी उभे केले होते. मी सुरुवातच "आमची आजी एक गोठ सांगते" अशी केली आणि वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "गोठ नव्हे, गोठा!" मी खानदेशातला; घरी अहिराणी बोलतात. त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडण्यापूर्वी मी प्रत्येक शब्द मनात तपासून घेऊ लागलो. प्रस्तुत लेखाचा उगम त्या हशात आहे. 'गोठ' हा शब्द कोठला, हे शोधता शोधता मी खरोखरच गोठ्यात जाऊन पोहोचलो.

मूळ संस्कृत शब्द 'गो'. तो फार प्राचीन आहे. फारसीतील 'गाव', ग्रीकमधील 'बूस', लॅटिनमधील 'बोस' आणि इंग्रजीतील 'काऊ' ही त्याचीच भावंडे होत. अमरकोशात 'गो'चे पशू, स्वर्ग, बाण, वाणी, वज्र, दिशा, नेत्र, किरण, पृथ्वी आणि जल असे दहा अर्थ दिले आहेत. ज्या समाजाचे मुख्य धन गुरे हेच होते, त्याने जगाची मापेही गाईवरूनच घेतली, यात नवल नाही. गाईच्या डोळ्यासारखी वाटोळी खिडकी ती 'गवाक्ष'. गाईच्या खुराच्या ठशात मावेल एवढे पाणी ते 'गोष्पद'. गुरे परतताना धूळ उडते ती वेळ 'गोरज'. त्या मुहूर्तावर आजही लग्ने लागतात. 'गव्यूति' म्हणजे मुळात कुरण. पुढे ते दोन कोसांचे माप झाले. ऋग्वेदातील 'गविष्टि' म्हणजे गाईंची इच्छा, आणि म्हणूनच लढाई! तेथे 'गोत्र' म्हणजे गाई कोंडण्याची जागा. नंतर त्याचा अर्थ कुळ असा झाला. आपले 'गणगोत' त्यातलेच.

आता माझ्या 'गोठ'कडे वळू. 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. त्यावरून 'गोष्ठी' म्हणजे माणसांची बैठक आणि मग बैठकीतले बोलणे. संस्कृतातील 'ष्ठ' प्राकृतात 'ट्ठ' होतो आणि मराठीत 'ठ' उरतो. ओष्ठ-ओठ, कोष्ठ-कोठा, गोष्ठ-गोठा ही उदाहरणे पाहावीत. या नियमाने 'गोष्ठी'चे मराठी रूप 'गोठी' असे व्हावयास हवे, आणि इ. स. 1290 च्या ज्ञानेश्वरीत 'गोठी' हेच रूप आढळते! म्हणजे आजीचा 'गोठ' हा बिघडलेला 'गोष्ट' नव्हे. उलट नियमाने चालत आलेला वारस तोच. प्रमाण मराठीतील 'गोष्ट' मात्र संस्कृतचा 'ष' अंगावर ठेवून उभा आहे.

याहून मोठा पुरावा पुढे मिळाला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने व्याकरण महाभाष्य लिहिले. त्यातील शब्दचर्चा 'गौः' या उदाहरणानेच सुरू होते. एका शुद्ध शब्दाचे अनेक अपभ्रंश होतात, हे सांगताना तो गावी, गोणी, गोता, गोपोतलिका ही रूपे देतो. यांतील 'गावी' नीट पाहावे. प्राकृत 'गाई' आणि आपली 'गाय' याच वाटेवरच्या आहेत. ज्या रूपाला पंडितांनी अपभ्रंश म्हटले, त्याच्याच वंशातला शब्द आज मराठीत राज्य करतो आहे. शुद्ध 'गौः' पोथीत राहिला.

या शोधाने माझा उत्साह अनावर झाला. वाङ्मय मंडळात मी एक निबंध वाचला आणि 'गोड', 'गोरा', 'गोधूम' असे दिसतील ते सारे शब्द गाईच्या दावणीला बांधले. ऐकून घेऊन सरांनी एवढेच विचारले, "गव्हात धूर कोठून आला?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. नंतर अभ्यासाअंती कळले की 'गोड'चे नाते गुळाशी आहे आणि 'गोरा' हा 'गौर'वरून आला आहे. 'गोधूम' तर अवेस्तातील 'गन्तुम' आणि फारसीतील 'गंदुम' यांचा नातलग. परक्या नावाला आपल्या ओळखीचे 'गो' आणि 'धूम' चिकटवून ते संस्कृतसारखे दिसू लागले. प्राचीन काळच्या लोकांना जो मोह झाला, तोच मला झाला होता.

संशोधनाला आपल्याकडे 'गवेषणा' असाही शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ गाईंचा शोध. हरवलेली गाय शोधणारा गुराखी खुरांचे ठसे पाहत जातो. लांबून तशी दिसली म्हणून दुसऱ्याची गाय घरी आणत नाही. शब्दाच्या अभ्यासकानेही हेच करावयाचे असते. ध्वनींचा नियम आणि अर्थाची वाट हे त्याचे ठसे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी अजून 'गोष्ट' असेच लिहितो; प्रमाणभाषेचा तो मान आहे. पण घरी 'गोठ' म्हणताना आता मान खाली जात नाही. आपल्या महाविद्यालयात कितीतरी गावांहून मुले-मुली येतात. प्रत्येकाने घरचे चार शब्द वहीत टिपून ठेवले आणि कोणाला हसण्यापूर्वी त्यांचा माग काढला, तर पुढच्या अंकासाठी लेखांची वाण पडणार नाही.