संगणकाचा पडदा का रखडतो?



गेल्या पावसाळ्यात आपल्या संगणक कक्षातील जुन्या यंत्रांवर आपण लिनक्स बसवले. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, सारे नीट चालले. पण आकाशदर्शनाचे स्टेलेरियम उघडले की तारे झटके खात सरकत. "यंत्रे थकली, आता भंगारात काढा," असा सूर निघाला. खरे सांगायचे तर मीही मान डोलावली होती.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कुणीतरी ठरवावा लागतो. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके. चित्र सेकंदाला 60 वेळा बदलायचे तर सेकंदाला 12 कोटींहून अधिक ठिपके झाले! मुख्य प्रोसेसर हे काम मोजक्या हातांनी करतो, ग्राफिक्सची चिप अनेक हातांनी एकाच वेळी. पण तिला कामाला लावणारा ड्रायव्हर हवा. लिनक्समध्ये त्याचा एक भाग कर्नेलमध्ये असतो व दुसरा 'मेसा' या मुक्त संग्रहात. मेसाचे काम ब्रायन पॉल यांनी 1993 साली सुरू केले.

खरी गोम पुढेच आहे. ड्रायव्हर सापडला नाही तर मेसा तक्रार करत नाही. तो सारे ओझे मुख्य प्रोसेसरवर टाकतो. या सोयीचे नाव 'एलएलव्हीएमपाइप'. पडदा दिसतो, म्हणून आपल्याला वाटते सारे ठीक आहे.

तपासायचे कसे? 'मेसा-युटिल्स' हे पॅकेज बसवून टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा द्या. 'डायरेक्ट रेंडरिंग: येस' पाहून फसू नका, एलएलव्हीएमपाइप असतानाही तेच उत्तर येते. पाहायची ती 'ओपनजीएल रेंडरर'ची ओळ. तिथे चिपचे नाव हवे. आपल्याकडे तिथे एलएलव्हीएमपाइप होते.

मग 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'उणे के' जोडून दिली. इंटेलची चिप दिसली, पण तिच्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळच नाही. तेव्हा आठवले. लिनक्स बसवताना एका यंत्राचा पडदा काळा पडला, म्हणून मी 'नोमोडसेट' हा शब्द दिला होता आणि घाईत सगळ्याच यंत्रांवर तोच गिरवला. हा शब्द कर्नेलला ग्राफिक्स ड्रायव्हरपासून दूर ठेवतो. म्हणजे दोष यंत्रांचा नव्हता, माझा होता. ग्रबच्या फाइलमधून तो शब्द काढला, 'अपडेट-ग्रब' चालवले, यंत्रे पुन्हा सुरू केली. आकाश सुरळीत फिरू लागले. त्या एका यंत्रावर मात्र पडदा अजून काळा पडतो, तिथे तो शब्द ठेवावा लागला.

एनव्हिडियाच्या कार्डाची गोष्ट जरा वेगळी. कंपनीचा ड्रायव्हर बसवूनही चालत नसेल तर आधी बायोसमध्ये 'सिक्युअर बूट' चालू आहे का ते पाहा, कारण सही नसलेला ड्रायव्हर तिथे अडवला जातो. फार जुन्या कार्डांसाठीची 390 ही मालिका कंपनीने 2022 अखेर थांबवली, त्यांना 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हरच बरा.

घरी लिनक्स असेल त्यांनी रेंडररची ओळ वहीत उतरवून शनिवारी तासाला आणावी.