घरच्या वापराचा कांदा : जात, प्रत व पावसाळ्यातील साठवण

कोल्हापूर जिल्हा ऊस, भात व गूळ यांसाठी प्रसिद्ध आहे. कांद्याच्या व्यापारी उत्पादनात त्याची गणना नाशिक, पुणे, अहिल्यानगर किंवा सोलापूर या जिल्ह्यांबरोबर होत नाही. तथापि ज्या घरात कांदा लागत नाही असे घर या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते, तिला कांदा-लसूण लागतोच. शिवाय रोजच्या भाजी-आमटीस लागणारा कांदा निराळा. पुष्कळ शेतकरी हा कांदा स्वतःच्या रानात किंवा घरामागील परड्यात करतात, मे महिन्यात तो सोप्यात किंवा माळ्यावर पसरून ठेवतात आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यातील निम्मा कुजून किंवा कोंब फुटून वाया गेलेला पाहतात. पुढे नवा कांदा येईपर्यंत तोच शेतकरी बाजारातून कांदा विकत घेतो, आणि नेमक्या याच महिन्यांत भाव चढतात. १९९८, २०१०, २०१३ व २०१९ या वर्षी असेच झाले. डिसेंबर २०१९ मध्ये तर मोठ्या शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता.

कांदा नासला की दोष पावसाला किंवा साठवणीच्या जागेला दिला जातो. दोष अंशतः तेथे असतोही. परंतु कांदा टिकणार की नाही हे बव्हंशी तो चाळीत किंवा माळ्यावर जाण्यापूर्वीच ठरलेले असते. जात कोणती निवडली, खत केव्हा दिले, पाणी केव्हा तोडले आणि काढल्यावर कसा सुकविला या चार गोष्टींवर ते ठरते. साठवणीची उत्तम जागा चांगला कांदा चांगला ठेवते. वाईट कांद्याला ती चांगला करू शकत नाही.

याचे कारण कांद्याच्या रचनेत आहे. कांदा हे मूळ नव्हे. पातीचे बूड फुगून एकावर एक बसलेल्या पाकळ्यांचा तो गड्डा होय. वाढ पूर्ण झाली की नवी पात फुटणे थांबते, मान आतून पोकळ होऊन मऊ पडते व पात आपल्याच भाराने लवते. यासच मान पडणे म्हणतात. पुढे ही मान वाळून चिमटते, बाहेरच्या पाकळ्या सुकून पापुद्रे बनतात आणि आतील गड्डा जणू बंद डब्यात ठेवल्याप्रमाणे सुप्त राहतो. ज्या कांद्यास नत्र उशिरा मिळाले किंवा अखेरपर्यंत पाणी मिळत राहिले, त्याची मान जाड राहते. जाड मान वाळत नाही, आणि न वाळलेली मान हे बुरशी आत शिरण्याचे उघडे दार होय.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याची अडचण नेमकी येथेच आहे. जिल्ह्यातील पुष्कळसा कांदा उसातील आंतरपीक म्हणून घेतला जातो. सरीच्या वरंब्यावर कांदा लावल्याने जागेचा व पाण्याचा चांगला उपयोग होतो, आणि हाती लवकर पैसा येतो म्हणून ही पद्धत वाईट नाही. परंतु कांद्यास ज्या वेळी पाणी तोडावयाचे, त्याच मार्च-एप्रिलच्या उन्हात उसास पाणी द्यावेच लागते. उसाचे नत्र खतही कांद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे थांबत नाही. अशा रानातील कांदा दिसावयास मोठा व तजेलदार असतो, वजनही चांगले भरते. तो ताजा विकावा, चटणीस वापरावा किंवा जूनपूर्वी खाऊन संपवावा. पावसाळ्यासाठी मात्र तो ठेवू नये. साठवणीचा कांदा हवा असेल तर त्यास स्वतंत्र वाफा द्यावा. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी ही एक गोष्ट जरी गावात पटवून दिली तरी बरेचसे नुकसान वाचेल.

असा वाफा फार मोठा लागत नाही. रोज पावशेर, म्हणजे सुमारे पाव किलो, कांदा लागणाऱ्या पाच-सहा माणसांच्या कुटुंबास जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत साधारण ४० किलो कांदा पुरतो. घट व नास धरून ६० किलो साठविला तर ओढाताण होत नाही. हेक्टरी २५ टन हे सर्वसाधारण उत्पन्न धरले तर पाव गुंठ्यात, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांत, एवढा कांदा निघतो. त्यासाठी २५ ग्रॅम बियाणे पुरेसे आहे. दोन ओळींत १५ व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एवढ्या जागेत दीड हजारांवर रोपे बसतात.

जातीची निवड करताना हंगाम प्रथम पाहावा. महाराष्ट्रात कांद्याच्या जाती सुधारण्याचे पद्धतशीर काम १९६० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात सुरू झाले आणि त्यातून एन-५३ व एन-२-४-१ या जाती मिळाल्या. त्यांपैकी एन-५३ ही खरिपाची असून गडद रंगाची आहे. बसवंत-७८०, ॲग्रिफाउंड डार्क रेड व भीमा सुपर याही खरिपाच्याच. या कांद्यास रंग व उठाव असतो, पण टिकाऊपणा नसतो. काढल्यावर महिना-दीड महिन्यात तो संपविला पाहिजे. फुले समर्थ ही रांगड्या हंगामास चालणारी जात त्याहून काहीशी अधिक, सुमारे दोन ते तीन महिने टिकते. पावसाळा काढावयाचा असेल तर मात्र रब्बीच्या फिकट लाल जातीच घ्याव्यात. एन-२-४-१, ॲग्रिफाउंड लाइट रेड, तसेच राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने दिलेल्या भीमा किरण व भीमा शक्ती या जाती योग्य रीतीने वाढविल्यास व सुकविल्यास पाच-सहा महिने राहतात.

पांढरा कांदा हौसेने लावावा. फुले सफेद व भीमा श्वेता या जाती त्यासाठी आहेत. तो लाल कांद्याइतका टिकत नसल्याने दोन-तीन महिन्यांत वापरावा. कच्चा खाण्यासाठी अर्ली ग्रॅनो ही पिवळी, मोठी व कमी तिखट परदेशी जात परड्यात एखादा वाफा लावण्यास ठीक आहे. तिच्यात पाणी अधिक व घनपदार्थ कमी असल्याने ती मुळीच टिकत नाही आणि तळून कुरकुरीतही होत नाही. चटणीसाठी कांदा निवडताना हीच कसोटी लावावी. ज्या कांद्यात पाणी कमी तो लवकर वाळतो, कमी तेलात तळला जातो आणि त्याची चटणी अधिक काळ टिकते.

परदेशातून किंवा थंड पहाडी मुलखातून कोणी बियाण्याचे पाकीट आणून दिले तर ते लावण्यापूर्वी विचार करावा. कांद्याचा गड्डा धरणे हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील जाती साधारण ११ ते १२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात. उत्तरेकडील पहाडी भागातील ब्राउन स्पॅनिश यासारख्या जातींस याहून लांब दिवस लागतो. रब्बी हंगामात येथे तो मिळत नाही, त्यामुळे अशा जातीची पात भरघोस वाढते व खाली बोटाएवढाही गड्डा धरत नाही. यात बियाण्याचा दोष नसतो व शेतकऱ्याचाही नसतो.

रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या प्रारंभी गादीवाफ्यावर टाकावे आणि सहा ते सात आठवड्यांची रोपे डिसेंबरच्या मध्यास लावावीत. उशीर करू नये, कारण या भागात एप्रिल-मेमध्ये वळीव पडतो. काढणीच्या वेळी कांदा वळवात सापडला तर सुकविण्याचे सारे श्रम वाया जातात. फार लवकर लागवड केल्यास थंडीने डेंगळे येण्याचे प्रमाण वाढते, हेही ध्यानात ठेवावे. जमीन मध्यम व निचऱ्याची असावी. पंचगंगा, कृष्णा व दूधगंगा यांच्या काठच्या भारी काळ्या जमिनीत कांदा वेडावाकडा होतो आणि पाणी तोडले तरी ओल हटत नाही. तेथे वाफ्यात शेणखत अधिक घालावे व रुंद गादीवाफ्यावर लागवड करावी.

पाव गुंठ्यास ५० ते ६० किलो चांगले कुजलेले शेणखत, पाऊण किलो सिंगल सुपर फॉस्फेट व २०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश लागवडीपूर्वी मिसळावे. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते, व कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांमुळेच असतो. युरिया एकूण अर्धा किलो पुरे. त्यातील निम्मा लागवडीच्या वेळी व उरलेला दोन हप्त्यांत, ३० व ४५ दिवसांनी द्यावा. त्यानंतर पीक पिवळसर दिसले तरी नत्र देण्याचा मोह आवरावा. शेजाऱ्याची पात हिरवीगार पाहून टाकलेली शेवटची मूठ पावसाळ्यात महाग पडते.

शेकडा ५० झाडांच्या माना पडल्या की कांदा काढणीस आला असे समजावे. पाणी त्यापूर्वीच, काढणीच्या १० ते १५ दिवस अगोदर, तोडलेले असावे. काही जण पात लवकर पाडण्यासाठी वाफ्यातून पिंप फिरवितात किंवा पायाने पात तुडवितात. साठवणीच्या कांद्यास हे करू नये. मान चेचली जाते.

उपटलेला कांदा पातीसह रानातच तीन दिवस असा पसरावा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. उघड्या उन्हात गड्डा भाजतो, व भाजलेल्या जागी पुढे कूज धरते. चौथ्या दिवशी पात कापावी, परंतु गड्ड्यास लागून कापू नये. सुमारे एक इंच मान राखून ती कापावी. नंतर कांदा सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून १० ते १२ दिवस ठेवावा. मान दोन बोटांत धरून चुरली असता कोरडी लागली व पापुद्रे हाताळताना सळसळले, म्हणजे कांदा सुकला. घाईच्या दिवसांत बहुतेक ठिकाणी हेच बारा दिवस वगळले जातात.

यानंतर निवड करावी. जोडकांदे, डेंगळे आलेले, जाड मानेचे, कापलेले व फार मोठे कांदे बाजूस काढून प्रथम खाण्यास घ्यावेत. चिंगळीही वेगळी करावी, कारण ती मोठ्या कांद्यांतील फटी बुजविते व हवा कोंडते. साठवणीस मध्यम आकाराचा, साडेचार ते सहा सेंटिमीटर व्यासाचा, घट्ट व पापुद्रा न निघालेला कांदा ठेवावा. नमुन्यादाखल दहा कांदे आडवे कापून पाहिल्यास बियाण्याची प्रतही कळते; ज्याच्या मध्यभागी एकच डोळा आहे तो कांदा उत्तम.

साठविलेल्या कांद्याची घट तीन प्रकारची असते आणि ती एका वेळी होत नाही. मे महिन्याच्या उन्हात वजन घटते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काजळी व कूज धरते. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुप्तावस्था संपल्यावर कोंब येतो. कांदा बर्फाजवळच्या थंडीत सुप्त राहतो व २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या उष्णतेतही सुप्त राहतो; मधल्या गारव्यात त्यास जाग येते. साठवणीस हवेतील आर्द्रता शेकडा ६५ ते ७० असावी. कोल्हापूरला, विशेषतः गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांत, पावसाळ्यात ती याहून पुष्कळ अधिक असते. लासलगाव येथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरणाचे केंद्र उभारले. विकिरणाने कोंब थांबतो, कूज थांबत नाही. यास्तव येथील घरगुती साठवणीत हवा खेळती ठेवणे हाच मुख्य उपाय उरतो.

पन्नास-साठ किलो कांद्यास चाळीची गरज नाही. सोप्यात किंवा माळ्यावर जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांबूचा माच करावा. त्याच्या कामट्यांत बोटभर फटी ठेवाव्यात आणि कांद्याचा थर एक फुटापेक्षा जाड करू नये. भिंतीस कांदा टेकू देऊ नये, कारण पावसाळ्यात भिंत ओल धरते. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या बांधून टांगतात. ही रीत थोड्या कांद्यास फार सोयीची आहे. मात्र त्यासाठी पात न कापता वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बटाट्याबरोबर कांदा ठेवू नये. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा सर्व कांदे हातांखालून घालावेत व एकही मऊ कांदा राहू देऊ नये. निरनिराळ्या जाती एकत्र न मिसळता वेगळ्या ठेवाव्यात.

ज्यास विक्रीसाठी अधिक कांदा ठेवावयाचा आहे त्याने चाळ बांधावी. तिची रुंदी चार-पाच फुटांहून अधिक नसावी, थराची उंचीही तितकीच असावी, तळ उंच व फटींचा असावा. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर व दुपाखी पूर्व-पश्चिम बांधावी. छप्परास कौले किंवा उसाचा पाला बरा. पत्र्याखाली कांदा तापतो. कांद्यावर बी.एच.सी. पावडर धुरळण्याची चाल पूर्वी काही ठिकाणी होती. हे विष खाण्याच्या मालावर टाकणे सर्वथा गैर असून १९९७ सालापासून देशात त्याच्या वापरावर बंदी आहे.

घरचे बियाणे करू इच्छिणाऱ्याने दिवाळीपर्यंत कोंब न येता घट्ट राहिलेले कांदेच मातृकंद म्हणून निवडावेत. पावसाळ्याने स्वतःच केलेली ही निवड दरवर्षी चालू ठेवल्यास टिकाऊपणा वाढतो. उभ्या पिकात आलेल्या डेंगळ्यांचे बी धरण्याची चाल मात्र सोडावी. त्या बियाण्यापासून पुढे डेंगळेच अधिक येतात. निवडलेले कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावेत. कांद्याच्या फुलांचे परागीभवन मधमाश्या करतात, म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. शेजारच्या परड्यात दुसरी जात फुलावर असेल तर दोन्हींचे बी मिश्र होते, आणि शुद्ध बियाण्यास किमान अर्धा किलोमीटर अंतर लागते. एका परड्यात चार जाती खाण्यासाठी लावता येतात. बियाण्यासाठी गल्लीने मिळून एकच जात ठरवावी, व हे काम ग्रामसेवकाने पुढाकार घेतल्याखेरीज होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये निघालेले बी सावलीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरावे. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने कमी होत असल्याने उरलेले बी पुढील वर्षासाठी न ठेवता पातीच्या वाफ्यात दाट टाकून द्यावे.