सिगारेट बंद केली तर गल्ला घटेल का?

प्रश्न : सांगलीजवळ माझं २४ खुर्च्यांचं परमिट रूम आहे. सिगारेट ओढू दिली नाही तर गिऱ्हाईक हायवेवरच्या ढाब्यावर जाईल, असं मॅनेजर म्हणतो. लहान हॉटेलांना बंदीतून सूट आहे, हे खरं का?
– एक हॉटेलचालक

उत्तर : सूट नाही. तुम्ही नियम नेमका उलटा ऐकलाय. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहालाच वेगळी धूम्रपान खोली ठेवता येते, तीही २०१७ पासून तिथं काहीही न वाढता. २४ खुर्च्यांत तो मार्गच नाही.

गल्ल्याची भीती जगभर सगळ्यांनाच वाटली होती. न्यूयॉर्क शहरात २००३ मध्ये बारमध्येही बंदी आली तेव्हा मालकांनी हाच ओरडा केला. पुढच्या वर्षीच्या पालिकेच्या अहवालात बार-रेस्टॉरंटांची करवसुली ८.७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ती वाढ बंदीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. धंदा बुडाला नाही, एवढं नक्की. मालकांच्या अंदाजापेक्षा कराचे आकडे बघावेत. रोज धूर गिळणाऱ्या वेटरचा हिशेब तर कुणी मांडतच नाही.

सुरुवातीला एखादं टेबल तुटेल, ते धरून चाला. टेबलांवरचे ॲशट्रे, काडेपेट्या आजच उचला; नियमही तेच सांगतो. दारात फलक लावा. कुटुंबं येऊ लागतात का, ते रोजच्या बिलांवरून दोन-तीन महिने पाहा. तक्रारीकडे कानाडोळा केलात तर दंड मालकालाही होतो. आणि भरपाई म्हणून हुक्का सुरू करायचा विचार असेल तर तो सोडा, महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरला बंदी आहे.