पुढे गेलेला माणूस

पाठाची ओळख

विद्यार्थिमित्रांनो, प्रवासवर्णन म्हटले की प्रवास करणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्याने काय पाहिले, त्याला काय वाटले, हे आपण वाचतो. प्रस्तुत पाठात मात्र लक्ष प्रवाशापेक्षा त्याला नेणाऱ्या माणसाकडे आहे. कोलकात्याहून निघणारी राजस्थानची सहल हा या पाठाचा मुख्य धागा आहे. त्याच्या ओघात आपण उत्तर आफ्रिकेतील सहारा वाळवंटातही जाणार आहोत. वाचत असताना सहलीत दिसणाऱ्या गोष्टी आणि सहल चालवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या गोष्टी यांची वहीत वेगवेगळी नोंद करीत जा.

मूळ पाठ

दुर्गापूजेच्या सुट्ट्या लागल्या की हावडा स्थानकाचे रूप पालटते. फलाटावर बॅगांचे ढीग लागतात. त्यांत एखाद्या ढिगावर सारख्याच रंगाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या दिसतात आणि शेजारी हातात यादी घेतलेला एक माणूस नावे पुकारीत उभा असतो. कोणी ‘हजर’ म्हणतो, कोणी अजून चहाच्या टपरीवर असतो, कोणाच्या आजीबाई पाण्याची बाटली घरी राहिली म्हणून हळहळत असतात. गाडी सुटेपर्यंत त्या माणसाला बसायला मिळत नाही.

बंगाली कुटुंबांची फिरण्याची हौस सर्वश्रुत आहे. दीघा, पुरी आणि दार्जिलिंग या तीन आवडत्या ठिकाणांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी थट्टेने ‘दीपुदा’ असा शब्दच तयार केला आहे. जणू घरातला एखादा थोरला भाऊच! पण या ‘दीपुदा’च्या पलीकडे, जिथली भाषा येत नाही, जेवण ओळखीचे नाही, मुक्कामाची खात्री नाही, अशा दूरच्या मुलखात म्हाताऱ्या माणसांना आणि मुलाबाळांना घेऊन जायचे कसे? या अडचणीवर कोलकात्याच्या श्रीपतिचरण कुंडू यांनी १९३३ साली तोड काढली. त्यांनी सुरू केलेली ‘कुंडू स्पेशल’ ही यात्रा कंपनी बंगालमध्ये घरोघरी माहीत झाली. तिकिटे, मुक्काम, वाहने आणि ठिकाणे दाखवणारा माणूस ही सारी व्यवस्था कंपनीची. आणि मुख्य म्हणजे सोबत स्वतःचे स्वयंपाकी.

या शेवटच्या गोष्टीवरून पुष्कळ विनोद झाले आहेत. वाळवंटात जाऊनही यांना माशाचा रस्सा आणि भातच हवा, डोक्याला माकडटोपी हवी, असे लोक म्हणतात. असा विनोद करणे सोपे आहे. परंतु जिने आयुष्यभर दोन वेळची चूल सांभाळली, तिला पंधरा दिवस दुसऱ्याच्या हातचे, पण आपल्या चवीचे गरम जेवण मिळते, ही गोष्ट विनोद करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अनेक घरांतील विधवा आत्या, सेवानिवृत्त मास्तर, एकट्या राहणाऱ्या मावश्या यांना घराबाहेरचा भारत दिसला तो त्या स्वयंपाक्यामुळे, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. आळंदीहून पंढरपूरला निघालेली दिंडी डोळ्यांपुढे आणा. सुमारे अडीचशे किलोमीटरची ती वाट वारकरी पायी चालतात. पण तंबू, सामान आणि भांडी घेऊन दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी गेलेला असतो. वारकरी पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या राहिलेल्या आणि चूल पेटलेली असते. कोणीतरी पुढे गेलेले असते म्हणून मागचे निश्चिंतपणे अभंग म्हणत चालू शकतात. याउलट, वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणीच गेलेले नव्हते. उठावाची वार्ता त्यांना वाटेत, महूजवळ शिपायांकडून कळली. पुढे काय घडले ते त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे.

युरोपात या व्यवसायाचा पाया थॉमस कुक यांनी घातला, असे मानले जाते. त्यांनी ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर या गावातून सुमारे पाचशे लोकांना रेल्वेने लाफबरो येथील दारूबंदीच्या सभेला नेले. १८६९ मध्ये त्यांची मंडळी इजिप्तमध्ये नाईल नदीतून फिरली आणि १८८१ मध्ये मुंबईत त्यांच्या कंपनीची कचेरी उघडली. ती मूळची इंग्रज कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिचे लक्षावधी ग्राहक परदेशांत अडकून पडले. यादी घेऊन उभा असलेला माणूस एकाएकी नाहीसा झाला तर काय होते, हे त्या दिवसांत जगाला दिसले.

▪ पाठगत प्रश्न : दिंडीचा ट्रक आणि सहलीचा स्वयंपाकी यांच्यातील साम्य दोन वाक्यांत लिहा.

आता आपल्या सहलीबरोबर निघू. राजस्थानात शहर, डोंगर आणि वाळवंट या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत दाखवता येतात. जयपूर, अजमेर, पुष्कर, उदयपूर अशी शहरे झाली की गाडी अबूचा घाट चढते. अरवलीतील गुरुशिखर हे सर्वांत उंच शिखर १,७२२ मीटरचे आहे. अबूजवळच्या दिलवाडा येथील जैन मंदिरांपैकी विमलवसही हे मंदिर १०३१ सालचे आहे. तेथील संगमरवरावरचे कोरीव काम शब्दांत सांगण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. तो येथे पुन्हा करीत नाही. सहल नेणाऱ्याला तेथे वेगळीच गोष्ट ठाऊक असावी लागते. सकाळची वेळ जैन भाविकांच्या पूजेची असल्यामुळे इतरांना मंदिरात प्रवेश दुपारी बारानंतर मिळतो, आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. हे माहीत नसलेला माणूस चाळीस जणांना सकाळी आठ वाजता दाराशी नेऊन उभे करील. यादीतल्या प्रत्येक ठिकाणामागे असे एखादे लहानसे ज्ञान दडलेले असते आणि ते पुस्तकापेक्षा फेऱ्या करून मिळते.

अबू उतरून जोधपूरमार्गे जैसलमेर गाठले की बंगाली प्रवासी अधीर होतात. त्याला कारण आहे. सत्यजित राय यांची ‘सोनार केल्ला’ ही कादंबरी १९७१ मध्ये आली आणि १९७४ मध्ये त्यांनीच तिच्यावर चित्रपट केला. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणारा मुकुल नावाचा मुलगा, त्याचा शोध घेत राजस्थानात आलेला फेलूदा नावाचा गुप्तहेर आणि उंटावर बसून हाल झालेले जटायू हे लेखक बंगालमधील तीन पिढ्यांच्या ओळखीचे आहेत. कथेतला तो सोन्याचा किल्ला म्हणजे पिवळ्या दगडाचा जैसलमेरचा किल्ला. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्याला नव्याण्णव बुरूज आहेत आणि त्याच्या आत आजही माणसे राहतात. तेथे बंगाली बोलणारे स्थानिक वाटाडे भेटतात. ते एका पडक्या वास्तूकडे बोट दाखवून ‘हे मुकुलचे घर’ असे सांगतात. मुकुल हे तर कल्पित पात्र! तरीही माणसे तेथे उभी राहून छायाचित्रे काढतात. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. कोलकात्याहून येणारा माणूस काय शोधत आला आहे, हे वाटाड्याने त्याच्या आधीच ओळखलेले असते, इतकेच.

किल्ल्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम गावाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. संध्याकाळी उंटावरून चक्कर, सूर्यास्त, मग मांगणियार कलावंतांचे गाणे आणि जेवण. वाळवंट पाहून झाले, असे सर्वांना वाटते. वाळवंटात वाटाड्या म्हणजे काय हे मात्र त्या अर्ध्या तासात कळत नाही. ते समजून घेण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को या देशातही अशाच सहली चालतात. फेस किंवा माराकेश या जुन्या शहरांतून निघायचे, ॲटलास पर्वत ओलांडायचा आणि सहाराच्या काठावरील मेरझूगा गावाजवळ वाळूच्या टेकड्यांत रात्र काढायची, असा त्यांचा क्रम असतो. फेसच्या जुन्या शहरात मोटारी जात नाहीत. हजारो बोळांच्या त्या जाळ्यात नवखा माणूस हमखास चुकतो. माराकेशहून येणारी वाट तिश्का नावाच्या २,२६० मीटर उंचीच्या खिंडीतून जाते. पुढे मेरझूगाच्या अलीकडे रिस्सानी हे गाव लागते. त्याच्या शेजारी मातीच्या काही पडक्या भिंती आहेत. मध्ययुगात सहारा ओलांडणारे तांडे जेथून निघत त्या सिजिलमासा शहराचे हे अवशेष.

१३५२ साली याच शहरातून इब्न बतूता दक्षिणेकडे निघाला. तो मोरोक्कोतील टँजियरचा. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने घर सोडले होते. भारतात येऊन तो दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी झाला. आपल्या दौलताबादलाही तो येऊन गेला. त्याच्या वृत्तान्तात मराठ्यांचा उल्लेख आहे. पुढे तो बंगालमध्ये फिरला आणि तेथील स्वस्ताईचे त्याला नवल वाटले. इतकी पृथ्वी पालथी घातलेला हा माणूस सहारा ओलांडताना मात्र पूर्णपणे दुसऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून होता.

त्याने सांगितलेली पद्धत अशी. मिठाच्या खाणींचे तगाझा हे ठिकाण सोडल्यावर तांड्याला निर्जल वाळवंट लागे. त्यातील ठरावीक टप्प्यावरून तांड्यातील लोक मस्सूफा जमातीच्या एका माणसाला पैसे देऊन पुढे पाठवीत. त्याला तकशीफ म्हणत. तो एकटा, वाळवंट तुडवीत, पलीकडच्या वलाता गावी जाई. त्याच्याजवळ व्यापाऱ्यांची पत्रे असत : आमच्यासाठी घरे भाड्याने घेऊन ठेवा आणि चार रात्रींच्या अंतरावर पाणी घेऊन सामोरे या. पत्र पोहोचले की वलाताचे लोक पाणी घेऊन निघत. तकशीफ वाटेतच मेला, तर तांडा येत असल्याचे पलीकडे कोणालाच कळत नसे; मग तांड्यातील बहुतेक माणसे तहानेने मरत. बतूताच्या तांड्याने तकशीफला सोन्याचे शंभर मिस्काल दिले होते. बतूताला आणखी एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. त्यांच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा अधू होता. तरीही त्या वाटेची माहिती त्याच्याइतकी कोणालाच नव्हती.

घरे ठरवणे, पाण्याची सोय करणे, वेळेवर निरोप पोहोचवणे ही तकशीफची तीन कामे लिहून काढा आणि हावड्याच्या फलाटावरील त्या माणसाची कामे शेजारी मांडा. यादी जवळजवळ तीच आहे. फरक आहे तो चुकीच्या किमतीत. तेथे चूक झाली तर तांडा संपे. येथे चूक झाली तर जेवण उशिरा मिळते आणि तक्रारवहीत नोंद होते.

▪ पाठगत प्रश्न : तकशीफ मेला तर तांड्यावर संकट का येई?

परंतु वाळवंटात पाण्याचा प्रश्न आजही सुटलेला नाही; तो फक्त प्रवाशाच्या माथ्यावरून उतरून गावाच्या माथी गेला आहे. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. पूर्वी गावाचा आधार असे तो गडसीसर तलावात साठलेल्या पावसाच्या पाण्याचा. बायका घागरी भरून पाणी किल्ल्यावर नेत, आणि डोक्यावरून आणलेले पाणी कोणी सांडीत नसे. किल्ल्यातील जुन्या मोऱ्या तेवढ्याच पाण्यासाठी बांधलेल्या होत्या. पुढे नळ आले, घरांची अतिथिगृहे झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर झाले. ते पाणी मोऱ्यांत मावेना. ते टेकडीच्या पोटातील चिकणमातीच्या थरांत मुरू लागले, पाया खचू लागला आणि काही बुरूज ढासळले. १९९६ मध्ये जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या एका यादीत या किल्ल्याचे नाव आले. त्यानंतर दुरुस्तीची कामे झाली. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानातील सहा डोंगरी किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत जैसलमेर आहे.

वारसाप्रेमी लोक सांगतात की प्रवाशांनी किल्ला जरूर पाहावा, पण मुक्काम खाली गावात करावा. किल्ल्यातील रहिवाशांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. हे आमचे घर आहे, पाहुण्यांवर आमची चूल चालते, मग पाहुणे खालीच ठेवले तर आम्ही काय करावे, असे ते विचारतात. मला पहिल्या बाजूकडे झुकावेसे वाटते, कारण बुरूज गेला तर घर आणि पाहुणा दोन्ही जातील. पण खालच्या मुक्कामाचे पैसे किल्ल्यावरच्या घरांत कसे पोहोचतील, याचे उत्तर त्या बाजूने दिलेच पाहिजे.

जैसलमेरच्या स्थानकावर उतरलेल्या चाळीस प्रवाशांपैकी कोणालाही यातले काही ठरवायचे नसते. ते थकलेले असतात आणि दाखवलेल्या गाडीत बसतात. गाडी किल्ल्याच्या दरवाजाकडे वळणार की खालच्या पेठेकडे, हे सहल निघण्याच्या कित्येक महिने आधी, कोलकात्यातील एखाद्या कचेरीत, दरपत्रके समोर ठेवून ठरलेले असते.

शब्दार्थ

तोड काढणे – मार्ग शोधणे. राहुटी – लहान तंबू. वाटाड्या – वाट दाखवणारा. तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह. मिस्काल – सोने तोलण्याचे जुने वजन व त्या वजनाचे नाणे. काझी – इस्लामी कायद्याप्रमाणे न्याय देणारा अधिकारी. सामोरे येणे – स्वागतासाठी किंवा मदतीसाठी पुढे येणे.

स्वाध्याय

१. ‘फरक आहे तो चुकीच्या किमतीत’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘मुकुलचे घर’ दाखवणाऱ्या वाटाड्याविषयी लेखकाचे मत काय आहे? ते तुम्हाला पटते का? कारणे द्या.

३. जैसलमेरच्या किल्ल्यात राहणाऱ्या एका कुटुंबप्रमुखाच्या भूमिकेतून यात्रा कंपनीला दहा-बारा ओळींचे पत्र लिहा.

४. तुमच्या गावात किंवा वस्तीत लग्न, जत्रा, वारी अशा प्रसंगी आधी जाऊन सोय करणारी माणसे कोण असतात? त्यांच्यापैकी एकाशी बोला आणि त्याच्या कामाची माहिती त्याच्याच शब्दांत लिहून काढा.