परसबागेची वही

घरामागची जागा म्हणजे परस. कुणाचे परस मोठे असते, कुणाचे खाटेएवढे. पण ते बारा महिने एकसारखे राहत नाही. पावसाळ्यात एक रूप, हिवाळ्यात दुसरे, उन्हाळ्यात तिसरे. हा बदल जो नीट पाहतो, त्याच्या ताटात भाजी पडते. जो पाहून लिहून ठेवतो, त्याला पुढच्या वर्षी अंदाज बांधता येतो.

पावसाळा

जूनच्या ७-८ तारखेस मृग लागतो. चांगला पाऊस पडून माती भिजली, की भोपळा, दोडका, कारली, भेंडी यांचे बी टोचावे. वेलाचे आळे थोडे उंचावर करावे. पाणी तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही. वेल पिवळा पडतो.

आता एका घरची गोष्ट ऐका. तिथली सून साक्षरता वर्गाला जाई. तिने परसात लाल भोपळा लावला होता. वेल मांडवभर पसरला. पिवळी फुले रोज उमलत आणि गळून जात. फळ एकही धरेना.

सासूबाई म्हणाल्या, "नुसती फुलंच फुलं! वांझ आहे मेला. उपटून टाक गं."

सून म्हणाली, "आत्याबाई, थोडं थांबा. गेल्या वर्षीचं मी वहीत लिहून ठेवलंय."

तिने वही आणली आणि बोट ठेवून, अडखळत वाचले, "२८ जुलै. भोपळ्याला पहिले फूल. फळ नाही. ६ ऑगस्ट. फुलाखाली गोळी दिसली."

सासूबाईंनी ऐकले. वेल राहिला. आठवड्याभराने गोळीची फुले आली आणि भोपळे धरले.

हे कसे झाले? भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन तऱ्हेची फुले येतात. नरफुले बहुधा आधी येतात. त्यांचा देठ सडपातळ असतो. मादीफुलाखाली लहानशी गोळी असते. तोच पुढे भोपळा होतो. मधमाशी नरफुलातले पराग मादीफुलावर नेते, तेव्हा फळ धरते. पावसाची झड लागली की माशा फिरकत नाहीत. अशा वेळी सकाळीच ताजे नरफूल तोडावे आणि त्याचा मधला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. दुपार झाली की फूल मिटते. दोडक्याचे फूल मात्र संध्याकाळी उमलते.

वेलात दोष नव्हता. वांझ म्हणण्याची घाई वेलाला करू नये. माणसाला तर मुळीच करू नये.

हिवाळा

पाऊस सरला की मेथी, पालक, मुळा पेरावा. धणे रगडून, दोन फाका करून पेरावे. मेथी महिनाभरात काढायला येते.

या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरअखेर ३ फूट काठी उभी करून भर दुपारी तिची सावली मोजा. ती जवळजवळ काठीएवढीच भरेल आणि उत्तरेकडे पडेल. घराची सावलीही तशीच पडते. म्हणून हिवाळ्यातला वाफा भिंतीच्या उत्तरेला अगदी लागून करू नये.

वालावर मावा पडतो. पाठीवर काळे ठिपके असलेला लाल, वाटोळा ढालकिडा दिसला तर मारू नका. तो मावा खातो.

उन्हाळा

मे महिन्याच्या मध्यास तीच काठी पुन्हा उभी करा. भर दुपारी सावली जवळजवळ दिसणारच नाही. सूर्य डोक्यावर आलेला असतो. माती लवकर वाळते. झाडाच्या बुडाशी पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे. पाणी थोडे असेल तर शेवगा जपा. त्याच्या शेंगाही खातात, पाल्याचीही भाजी होते.

वहीत काय लिहावे?

तारीख, पेरलेले बी, पहिले फूल, पहिले फळ, पडलेली कीड. रोज एक ओळ पुरे. विळा वापरला नाही तर गंजतो. अक्षराचेही तसेच आहे.

प्रश्न

१. भोपळ्याची मादीफुले कशी ओळखाल?
२. सुनेच्या वहीचा घराला काय उपयोग झाला?
३. तुमच्या परसात आज काय दिसले? तारीख घालून एक ओळ लिहा.